ताण सुरू करताच हाडाच्या पेशी पडद्यावरून सुटतात? तुटलं कुठे, ते असं शोधा

लक्षणं

सिलिकॉनच्या लवचीक पडद्यावर वाढवलेल्या ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बनवणाऱ्या, पेशी ताण देईपर्यंत उत्तम असतात. पसरलेल्या, निमुळत्या, एकमेकींना टेकलेल्या. मग चक्रीय ताण सुरू होतो, साधारण १ हर्ट्झने, आणि काही तासांनी पाहावं तर पडद्यावर मोकळे पट्टे. पुढची बॅच कधी टिकते, त्याच्या पुढची पुन्हा जाते. एमसी३टी३-ई१ ही उंदराची पेशीमालिका असो, माणसाच्या प्राथमिक पेशी असोत किंवा ऑस्टिओसाइटसारख्या (हाडात रुतून बसलेल्या पेशींसारख्या) एमएलओ-वाय४ असोत, तक्रार हीच असते.

वहीत नुसतं "पेशी गेल्या" लिहू नका. कशा गेल्या ते लिहा. मी हा बिघाड दुरुस्त करायला बसते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

- काठापासून सलग पापुद्रा सुटून गुंडाळी झाली आहे.
- एकेकटी पेशी गोल, चमकदार होऊन तरंगते आहे. काहींची शेपटी अजून पडद्याला चिकटलेली आहे.
- फक्त कडेचं वर्तुळ मोकळं आहे, किंवा फक्त मधला भाग.
- ताण थांबवला तेव्हा पेशी होत्या, रंगवून झाल्यावर नाहीत.
- ताण न दिलेल्या पडद्यावरूनही पेशी गळल्या आहेत, फक्त थोड्या उशिरा.

पेशी आणि पडदा यांच्यामध्ये किमान तीन सांधे असतात. सिलिकॉन आणि त्यावर बसवलेलं प्रथिन, हा पहिला. प्रथिन आणि पेशीच्या पृष्ठभागावरचं त्याला धरणारं प्रथिन, इंटिग्रिन, हा दुसरा. इंटिग्रिन आणि पेशीच्या आतला ॲक्टिनचा सांगाडा, हा तिसरा; तो टॅलिन, विन्क्युलिन या प्रथिनांमार्फत जोडलेला असतो. पेशी सुटली की बहुतेकांचा संशय दुसऱ्या सांध्यावर जातो आणि लगेच पेशींचा नवा साठा मागवला जातो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा पहिलाच सांधा तुटलेला असतो. पेशी प्रथिनाला घट्ट धरूनच असतात, प्रथिनच सिलिकॉन सोडतं. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी तुटलं कुठे ते शोधायचं. खालचा क्रम सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून अवघडाकडे जातो.

पेशी ताणाने गेल्या की धुताना?

ताण थांबवल्यावर मीडियम (पेशींचा पोषक द्रव) काढण्याआधी पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि फोटो घ्या. मग धुवा, पुन्हा फोटो घ्या. यापेक्षा सोपी तपासणी नाही, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

इंटिग्रिनची पकड मॅग्नेशियम, कॅल्शियमसारख्या दोन धनभारांच्या आयनांवर अवलंबून असते. ईडीटीए हा पदार्थ पेशी सोडवतो तो हेच आयन ओढून घेऊन. ताण खाऊन आलेल्या पेशींवर आपण कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं थंड पीबीएस (धुण्याचं खारट बफर) ओतलं, तर त्यांची पकड आपणच सैल करतो. दोन्ही आयन असलेलं बफर वापरा, ३७ अंशांवर आणून, विहिरीच्या (पेशी ठेवलेल्या खाचेच्या) भिंतीवरून हळू सोडा. पेशी फारच नाजूक वाटल्या तर मीडियम काढूच नका. त्यातच तेवढंच ८% पॅराफॉर्माल्डिहाइड (पेशी आहेत तशा पक्क्या करणारं रसायन) मिसळा, म्हणजे एकूण तीव्रता ४% होते. हे काम धुराड्याच्या हूडमध्येच करायचं.

धुण्याआधी पेशी जागेवर असतील, तर तुमच्या ताणाच्या प्रयोगात दोष नाही. पुढचं वाचायचीही गरज नाही.

स्थिर जोडीदार ठेवला होता का?

एकाच दिवशी, एकाच कोटिंगचे (पडद्यावरच्या प्रथिनाच्या लेपाचे), एकाच ट्यूबमधल्या पेशींचे तीन संच हवेत: ताण दिलेला पडदा, ताण न दिलेला पडदा, आणि तेच प्रथिन लावलेली साधी कल्चर प्लेट. प्लेटवर टिकतात पण स्थिर पडद्यावर गळतात, तर दोष पडद्यात किंवा कोटिंगमध्ये आहे. तिन्हीकडे गळतात, तर पेशी किंवा मीडियम पाहा. फक्त ताणलेल्या पडद्यावरून गेल्या, तरच ताणाचा विचार करायचा.

चौथा संच जमला तर जरूर ठेवा. न ताणला जाणारा कडक तळ असलेली विहीर यंत्रावर बसवा, म्हणजे तिला हालचाल आणि मीडियमचं हिंदकळणं मिळेल, ताण मिळणार नाही. पडदा वरखाली होतो तेव्हा मीडियम पेशींवरून घासत जातं, आणि हाडाच्या पेशी द्रवाच्या घासण्याला ताणाइतक्याच, कित्येकदा जास्त, संवेदनशील असतात. कडक विहिरीतही तोच मोकळा पट्टा दिसला, तर मीडियमची उंची बदला आणि वारंवारता उतरवून पाहा.

घाई, गर्दी आणि ट्रिप्सिन

सकाळी पेशी पेरून संध्याकाळी यंत्र सुरू केलंत का? पेशी पसरलेली दिसते म्हणजे ती रुजली असं नाही. सुरुवातीचे चिकटबिंदू लहान आणि क्षणिक असतात, मोठ्या पक्क्या जोडण्या व्हायला वेळ लागतो. किमान २४ तास द्या, ४८ दिले तर आणखी बरं. मग पहिला तास-दोन तास ०.५ ते १ टक्क्यावर ठेवा आणि टप्प्याटप्प्याने वर न्या.

हा टप्पा केवळ सावधगिरी म्हणून नाही. जोडणी घट्ट करण्याचं काम ओढच करते. टॅलिनच्या दांड्याचा एक भाग साधारण ५ पिकोन्यूटन ओढीला उलगडतो आणि आत लपलेली विन्क्युलिनची जागा उघडी पडते. विन्क्युलिन तिथे बसलं की ॲक्टिनशी आणखी धागे जोडले जातात. अल्फा५बीटा१ इंटिग्रिन आणि फायब्रोनेक्टिन (कोटिंगला वापरतात ते एक प्रथिन) यांच्या बंधाबद्दल २००९ साली दाखवलं गेलं की १० ते ३० पिकोन्यूटनच्या टप्प्यात ओढ वाढली की बंधाचं आयुष्य कमी न होता वाढतं. मला या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते: मर्यादेतला भार या पेशीला स्थिरावतो. म्हणून पहिल्या मिनिटाला थेट १०% देणं म्हणजे तिला ही बांधणी करायची संधीच नाकारणं आहे.

एकाच दिशेने ताणत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चक्रीय ताणाखाली पेशी हळूहळू ओढीच्या दिशेला आडव्या वळतात. वळताना जुन्या जोडण्या सोडून नव्या धरतात. त्या काही तासांत पेशी आखडलेल्या दिसणं स्वाभाविक आहे, ते पाहून यंत्र बंद करू नका.

गर्दीचं उलटं आहे. पडदा पूर्ण भरून वर थर चढले की पेशी एकमेकींना कॅढेरिन या प्रथिनाने धरून सगळा थर आतल्या बाजूला ओढतात. त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल देऊन बरेच दिवस झाले असतील, तर त्यांनी स्वतःचं कोलॅजनही विणलेलं असतं. असा थर एक कोपरा सुटला की पापुद्र्यासारखा गुंडाळतो. ताणाचा प्रयोग ७०-८०% भरलेल्या पडद्यावर करा. खनिजीकरणापर्यंत न्यायचंच असेल, तर साध्या कोटिंगच्या भरवशावर राहू नका, त्यासाठी खालचा रासायनिक बंधाचा भाग वाचा.

पेशी सोडवायला घातलेलं ट्रिप्सिन हे विकर जास्त वेळ राहिलं तर पेशीबाहेरची प्रथिनं कापत जातं. पेशी जेमतेम सुटू लागल्या की थांबवा. सीरम न वापरता पेरत असाल तर ट्रिप्सिनचा वेगळा रोधक घालावाच लागतो, नाहीतर उरलेलं ट्रिप्सिन तुमचं कोटिंगही खातं.

यंत्रावरचा आकडा आणि पडद्यावरचा ताण

पडद्यावर ठिपके काढा, विश्रांतीत आणि पूर्ण ताणात फोटो घ्या, अंतर मोजा. अंतरातली वाढ भागिले मूळ अंतर, एवढंच गणित. १० मिलिमीटरवरच्या दोन ठिपक्यांत १% म्हणजे ०.१ मिलिमीटर, त्यामुळे फूटपट्टी चालणार नाही, फोटोवर पिक्सेल मोजा. मध्यावर, कडेला आणि त्या दोहोंच्या मधे, तिन्ही ठिकाणी मोजा.

निर्वाताने खाली खेचल्या जाणाऱ्या गोल पडद्यात, मधे टेकण नसेल तर ताण सगळीकडे सारखा नसतो, कडेजवळ त्रिज्येच्या दिशेने जास्त असतो. कडेचं वर्तुळ मोकळं दिसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. टेकण असेल तर त्यावरचं वंगण तपासा. ते सुकलं की पडदा अडकत, झटक्याने सरकतो, आणि झटक्यातला ताण सरासरी आकड्यात दिसत नाही.

आकडा बरोबर निघाला तरी तो हवा तेवढाच आहे का, हेही विचारा. १% म्हणजे १०,००० मायक्रोस्ट्रेन. माणसाच्या नडगीच्या हाडावर स्ट्रेन गेज बसवून १९९६ साली केलेल्या मोजमापांत जोरकस धावण्यातही आकडा २,००० च्या आत राहिला. मग प्रयोगशाळेत १ ते १० टक्के का वापरतात? कारण पडद्यावरच्या पेशी साधारणपणे इतक्या कमी ताणाला फारसा प्रतिसाद देत नाहीत, आणि हाडाच्या आत ऑस्टिओसाइटभोवतीच्या पोकळ्या व द्रवाचा प्रवाह स्थानिक ताण वाढवतात. हे कारण पटण्यासारखं आहे, पण १५% वर पेशी सुटतात अशी तक्रार असेल, तर ती पेशींची तक्रार म्हणून ऐकायला हवी.

पाण्याचा थेंब

कोटिंग करण्याआधी पडद्याच्या तुकड्यावर शुद्ध पाण्याचा थेंब सोडा. तो गोळी होऊन उभा राहिला तर सिलिकॉन पाणी झिडकारतंय. पीडीएमएसवर (पडद्याच्या सिलिकॉनवर) नुसता थेंब साधारण ११० अंशांचा कोन करतो. ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा मारा) दिल्यावर तोच थेंब पसरून सपाट व्हायला हवा.

प्लाझ्मा दिला होता, तरीही थेंब गोळी होतो? मग तो केव्हा दिला ते विचारा. पीडीएमएसमध्ये न जुळलेल्या लहान साखळ्या असतात, त्या हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि काही तास ते काही दिवसांत पृष्ठभाग पुन्हा पाणी झिडकारू लागतो. शुक्रवारी प्लाझ्मा दिलेला पडदा सोमवारी वापरणं हे "कधी टिकतं, कधी नाही" या कोड्याचं फार सामान्य उत्तर आहे. प्लाझ्मानंतर लगेच कोटिंग करा. तेवढा वेळ नसेल तर पडदा पाण्याखाली ठेवा, त्याने हा बदल लांबतो.

पडदे स्वतः ओतत असाल, तर मूळ द्रव आणि त्याला पिकवणारा घटक यांचं १०:१ चं प्रमाण वजनावर करा आणि पूर्ण पिकू द्या. अर्धवट पिकलेल्या सिलिकॉनमधून या साखळ्या जास्त झिरपतात.

कोटिंग: इथे वेळ द्या

पेशी न घालता कोटिंग केलेला एक पडदा यंत्रावर तेवढेच तास ताणा, दुसरा स्थिर ठेवा. मग दोन्ही कूमासी निळ्याने, म्हणजे प्रथिनाला रंग देणाऱ्या रंगाने, रंगवा. कोलॅजन असेल तर सिरियस रेडने. ताणलेल्या पडद्यावर भेगा, पट्टे किंवा फिका रंग दिसला तर तुटलेला सांधा सापडला. पेशींचा यात काहीही दोष नव्हता. ही तपासणी एका दिवसात होते आणि महिन्यांचा गोंधळ मिटवते. जास्त बारकाईने पाहायचं असेल तर प्रथिनाविरुद्धचा अँटिबॉडी लावून प्रतिदीप्ती पाहा.

नुसतं शोषून बसलेलं प्रथिन दुबळ्या आकर्षणांवर टिकून असतं. स्थिर प्लेटवर ते पुरतं. पडदा दर सेकंदाला लांबतो आणि आखडतो तेव्हा न लांबणारा प्रथिनाचा थर त्यावरून सुटा होत जातो, आणि वरून पेशींची ओढ असतेच.

पहिला प्रकार कोलॅजन १. हाडाच्या सेंद्रिय भागाचा सुमारे ९०% भाग याचाच, त्यामुळे निवड रास्त आहे. ते सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळवलेलं असतं. आम्लातच, दर चौरस सेंटिमीटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम लावा आणि नंतर नीट धुवा. आम्ल उरलं तर पेशी मरतात आणि आपण त्याला चिकटण्याचा दोष समजतो. आधीच पीएच ७ वर आणून कोमट केलं तर कोलॅजनचे तंतू बनून जाड, सैल जाळी बसते. ती पाहायला छान असते, पण सिलिकॉनला मोजक्याच ठिकाणी टेकलेली असते आणि पापुद्रा होऊन निघते.

फायब्रोनेक्टिनची अडचण वेगळी. ते जोरात हलवू नका, व्हॉर्टेक्स तर नकोच, गुठळ्या होतात. १ ते ५ मायक्रोग्रॅम दर चौरस सेंटिमीटरला पुरे. पण ते कुठल्या पृष्ठभागावर बसतं याने त्याची घडी बदलते. पाणी झिडकारणाऱ्या सिलिकॉनवर बसलेल्या फायब्रोनेक्टिनमध्ये पेशी धरते ती आरजीडी ही तीन अमिनो आम्लांची जागा नीट पुढे येत नाही. म्हणजे कूमासी सांगेल की प्रथिन भरपूर आहे आणि पेशी तरीही धरणार नाही. कोटिंगच्या तपासात रंग आणि पाण्याचा थेंब दोन्ही लागतात ते यामुळे.

मायकोप्लाझ्मा

मायकोप्लाझ्मा म्हणजे पेशींच्या कल्चरमध्ये शिरणारे अतिसूक्ष्म जिवाणू. ते आहेत का हे पीसीआरने तपासून घ्या. बाधित पेशी दिसायला ठीक असतात आणि पकड मात्र कमकुवत होते. पॅसेज क्रमांकही (पेशी किती वेळा सोडवून पुन्हा पेरल्या तो आकडा) याच वेळी पाहा. फार पुढे गेलेल्या एमसी३टी३-ई१ पेशींवरून हाडाबद्दल काही सांगू नये.

रासायनिक बंध

कोटिंग सुटतं हे सिद्ध झालं असेल, तरच इथे या. दोन मार्ग रुळलेले आहेत. एक, प्लाझ्मानंतर एपीटीईएस हा सिलेन, मग ग्लुटाराल्डिहाइड, मग प्रथिन. याने प्रथिन सिलिकॉनला सहसंयुजी बंधाने बांधलं जातं. उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड विषारी आहे, पुन्हा पुन्हा धुवा आणि रिकामे गट ग्लायसिनने बंद करा. दोन, पॉलिडोपामाइन: पीएच ८.५ च्या ट्रिस बफरमध्ये डोपामाइन, रात्रभर. पडदा तपकिरी होतो आणि त्यावर कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिन चांगलं धरतं. हाताळायला दुसरा सोपा आणि कमी विषारी. बरेच दिवस चालणाऱ्या, ॲस्कॉर्बिक आम्ल दिलेल्या प्रयोगांना मी पहिला निवडते.

हा उपाय करू नका

पॉली-एल-लायसिन लावलं की पेशी चिकटतात, हे खरं. पण त्या विद्युतभाराने चिकटतात, इंटिग्रिनने नाही. हाडाची पेशी ताण ओळखते तो बऱ्याच अंशी इंटिग्रिनच्या वाटेने. फोकल अॅडेशन कायनेज या विकराचे संकेत त्या जोडण्यांपाशीच सुरू होतात. पकड आणि संवेदना या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. केवळ पेशी टिकाव्यात म्हणून प्रथिन बदललंत, तर प्रश्नच बदलला.

कोलॅजनऐवजी फायब्रोनेक्टिन घेणं हाही असाच बदल आहे. कोलॅजन अल्फा२बीटा१ धरतं, फायब्रोनेक्टिन मुख्यतः अल्फा५बीटा१, तर ऑस्टिओपॉन्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन अल्फाव्हीबीटा३. हाडात ऑस्टिओसाइटचे लांब तंतू सूक्ष्मनलिकांच्या भिंतीला थोड्याच, विखुरलेल्या बिंदूंवर बीटा३ इंटिग्रिनने टेकलेले आढळले आहेत, तर पेशीच्या मुख्य अंगावर बीटा१ दिसतं. प्रथिन बदलायचं तर बदला, पण स्थिर जोडीदारासकट सगळे संच नव्याने करा. जुन्या आकड्यांशी तुलना करू नका.

इथे थांबा

निर्वात पंप, मोटर, दाबाचा सेन्सर यांत दोष दिसला, म्हणजे ठिपक्यांचं मोजमाप दर वेळी वेगळं येत असेल, तर यंत्र उघडू नका. उत्पादकाच्या तंत्रज्ञाला बोलवा. प्लाझ्माच्या यंत्रात उच्च विद्युतदाब असतो, त्याचं झाकण प्रशिक्षित माणसानेच काढायचं. एपीटीईएस आणि ग्लुटाराल्डिहाइड याआधी हाताळलं नसेल, तर पहिल्यांदा रसायनशास्त्राच्या अनुभवी सहकाऱ्यासोबत, हूडखाली. मायकोप्लाझ्मा निघाला तर तो साठा टाकून द्या. तोच बदलता येणार नाही इतका मोलाचा असेल, तर पेशी-साठा सांभाळणाऱ्या केंद्राकडे द्या, आपल्या इन्क्युबेटरमध्ये उपचार करत बसू नका.

आणि शेवटची पायरी: कोटिंग ताणानंतरही शाबूत आहे, ताण मोजून बरोबर आहे, पेशी निरोगी आहेत, तरीही एकेकट्या पेशी गोल होऊन सुटतात. आता दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या सांध्यात आहे. विन्क्युलिन आणि ॲक्टिन रंगवून जोडण्या बनतात का, एवढं तुम्ही पाहू शकता. त्यापुढे इंटिग्रिन अडवणारे अँटिबॉडी, ओढबल मोजणारी सूक्ष्मदर्शकी, एकेका बंधाची मोजणी हे जैवभौतिकी जाणणाऱ्या गटाचं काम आहे. त्यांच्याकडे जाताना मीडियम काढण्याआधीचे फोटो, ठिपक्यांची मोजमापं, कोटिंगचे रंगवलेले दोन पडदे, पेशींचा पॅसेज क्रमांक आणि प्लाझ्मा ते पेरणी यांतलं अंतर तासांत लिहून सोबत न्या.